राहिलेलं रडणं

मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात पाण्याची नवी टाकी व्हायची होती. सकाळी गवंडी आला, दोरी धरून त्यानं जमिनीवर फक्कीचा पांढरा गोल आखला, आणि चहा पिऊन येतो म्हणून जो गेला तो गेलाच. दुपारी स्वयंपाकाच्या मदतीला असलेली नर्मदा तांदळाच्या धुवणाची बादली घेऊन मागे आली. हे धुवण ती रोज कोपऱ्यातल्या पेरूला घालत असे. हिंगोलीच्या उन्हात त्या झाडाला दुसरं कोण विचारणार. पेरूकडे जाताना तिचा एक पाय गोलात पडला, मग दुसरा पडला, आणि दोन्ही पाय तिथंच थांबले. तिनं थांबवले नव्हते. बादलीची कडी बोटात रुतत होती, पेरू समोरच होता, आणि रेषा ओलांडायची एवढीशी गोष्ट पायांना जमत नव्हती. आता कुणीतरी शिट्टी वाजवेल, मग पुढे सरकायचं, असं तिच्या मनात आलं. आपल्या मनात हे कुठून आलं म्हणून ती घाबरली.

"नर्मदाबाई! अवं काहून उभ्या राहिल्या उनात?" स्वयंपाकघराच्या दारातून कमलबाई ओरडल्या. कमलबाई इथल्या मुख्य स्वयंपाकीण. तोंडानं फटकळ, हातानं सढळ, आणि दोन्हींचा हिशेब त्या एकमेकांत मिसळू देत नसत. "पोरी आत्ता शाळेतून येतीन. अजून कणीक भिजली न्हाई."

"येते," नर्मदा म्हणाली आणि हलली नाही. कमलबाई क्षणभर बघत राहिल्या, मग आत गेल्या. बाईमाणसाला कधी कधी नुसतं उभं राहावंसं वाटतं हे त्यांना ठाऊक होतं. नर्मदानं बादली खाली ठेवली, धुवण गोलातच ओतून दिलं आणि पाणी वाहत जाऊन रेषेचा एक तुकडा पुसला गेला, तिथून ती बाहेर पडली. पेरू त्या दिवशी तहानलेला राहिला.

आजच हे व्हायला नको होतं, कारण संध्याकाळी नानीबाई येणार होती. नानीबाई म्हणजे तिची थोरली बहीण. सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावर ती राहते. जीपनं आलं तर पान खाऊन होईस्तोवर येता येईल एवढ्या अंतरावर. पण याडी, म्हणजे आई, गेल्यापासून, त्या रोगाच्या उन्हाळ्यापासून, दोघी बहिणी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. आता नानीबाईच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. सकाळी नर्मदाच्या नवऱ्याला, बाबूसिंगला, फोन आला. तो एका गोदामावर राखणीला असतो, आणि बोलणं हेही गोदामातल्या मालासारखं मोजून बाहेर काढतो. त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. "नानीबाई म्हणली, लग्नाची सुपारी घेऊन येते. गळ्यात पडून रडली, तर सुपारी तिची. मागल्यावानी दगड होऊन उभी राहिली, तर तशीच परत जाते. मंग मला बहीण न्हाई." एवढं सांगून तो चप्पल घालू लागला. मग दारात थांबून म्हणाला, "रडशील ना?" तिनं मान हलवली. ती मान कोणत्या बाजूला हलली हे दोघांनाही नीट कळलं नाही.

बाहेरच्यांना ही अट ऐकून हसू येईल. रडण्याची काय अट घालायची? पण तांड्यावर रडणं हे डोळ्यांचं काम कधी नव्हतंच, ते गळ्याचं आणि हातांचं होतं. दोन बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी एकमेकींच्या गळ्यात हात टाकायचे, डोकं खांद्यावर टेकायचं आणि चालीत रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. मधल्या काळात कोण गेलं, कोण आजारी पडलं, कोणती म्हैस आटली, सगळं त्या रडण्यात सांगायचं. एक सांगते, दुसरी हुंकार देते. मग दुसरी सांगते, पहिली हुंकार देते. सांगून झालं की नाक पुसायचं, पाणी प्यायचं आणि हसत बसायचं. लहानपणी नर्मदाला याडीचं रडणं बघायला आवडायचं. याडीच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलिया, असत. ती पाहुणीच्या गळ्यात पडली की त्या बलिया पाहुणीच्या पाठीवर खळखळत. नर्मदा पहिल्यांदा सासरहून आली तेव्हा त्या बलियांचा गार दाब तिच्या मानेवर पडला होता आणि काय सांगावं हे आठवायच्या आतच तिच्या गळ्यातून चाल निघाली होती. ते शिकवायला लागत नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं. रडायला फक्त समोर एक मान लागते, एवढीच अडचण होती, आणि माना काय, जगात पुष्कळ होत्या.

कणीक भिजवताना तिच्या डोळ्यांसमोर परत तो गोल आला. त्या रोगाच्या उन्हाळ्यातल्या कॅम्पातले गोल लहान होते. मांडी घालून बसलं की गुडघे रेषेला टेकायचे. ती आणि बाबूसिंग हैदराबादला इमारतीच्या कामावर होते. टाळेबंदीत काम थांबलं, ठेकेदार नाहीसा झाला, आणि मग सगळे चालत निघाले तसे तेही निघाले. काही ट्रकनं, बरंचसं पायी. नांदेड मागे पडलं, वसमत मागे पडलं, शिरड शहापूर ओलांडल्यावर तिला घरचा वास येऊ लागला. माती तीच, तुराट्या तशाच रचलेल्या. आणि तिथंच, घर हाकेवर आल्यावर, पोलिसांनी सगळ्यांना रस्त्याकडेच्या एका शाळेत वळवलं. शाळेच्या फाटकावर 'निवारा केंद्र' असं फडकं लावलेलं होतं. लोक त्याला कॅम्प म्हणत. हैदराबादेत होती तोवर ती मजूर होती, रस्त्यावर नुसती चालणारी होती. आपल्याच जिल्ह्यात येऊन ती निर्वासित झाली. कपाळाला कसलंसं पिस्तूल लावून ताप बघत. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. मैदानभर फक्कीचे गोल. शिट्टी झाली की गोलात बसायचं, खिचडी यायची, शिट्टी झाली की उठायचं. खिचडी वाईट नव्हती. कुणी मारत नव्हतं. तक्रार करायला तशी जागाच नव्हती आणि तीच तकलीफ होती. दुःख आहे म्हणावं तर ते कुठं आहे ते दाखवता येत नव्हतं.

हळूहळू माणसं बिघडत गेली. गुलाबसिंग म्हणून एक म्हातारा होता, कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. तो रोज सकाळी गाठोडं बांधून, पागोटं घालून फाटकापाशी जाऊन उभा राही. "गाडी आयी क्या?" शिपाई म्हणे, "उद्या बाबा." मग तो परत येऊन गाठोडं सोडी आणि आतली प्रत्येक वस्तू झटकून परत जागेवर ठेवी. पहिल्यांदा लोक हसले. नंतर हसणं थांबलं, आणि पुढे पुढे काही जण त्याच्याबरोबर गाठोडी बांधू लागले. एक तरणी बाई दिवसभर हात धुवायची, तिच्या बोटांची सालं निघाली होती. नर्मदा तेव्हा शहाणी होती. ती मनाशी म्हणायची, आपली याडी तिकडं तांड्यावर नानीबाईजवळ बसलीय, आपण सुटलो की तिच्या गळ्यात पडायचं आणि हे सगळं तिला चालीत सांगायचं. हैदराबाद, रस्ता, तो पिस्तूलवाला, गुलाबसिंग. ती रोज थोडं थोडं रचून ठेवत होती. ओळी तयार होत होत्या. कॅम्पात सगळ्यांत श्रीमंत तीच होती म्हणायला हरकत नाही.

एके दिवशी खिचडीच्या वेळी बाबूसिंगचा फोन वाजला. तो पलीकडच्या अंगाला आपल्या गोलात बसला होता. त्यानं ऐकलं, फोन खाली ठेवला आणि तिथूनच, एवढ्या सगळ्या गोलांवरून, ओरडून सांगितलं, कारण जवळ येऊन सांगायची परवानगी नव्हती. "नर्मदे, याडी गेली. आज पहाटं." सगळ्या मैदानानं ते ऐकलं. तिची याडी गेल्याचं तिच्याबरोबर शिपायाला कळलं, वाढप्याला कळलं. नर्मदा उठली. तिनं काही ठरवलं नव्हतं. असं कळल्यावर बाई जे करते ते ती करायला निघाली. सगळ्यांत जवळच्या गोलात सखुबाई होती. तांड्यावरची नव्हे, कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरची, पुण्याहून परतलेली, चांगली बाई. दोघी आदल्या दिवशी लांबून लांबून लेकरांबद्दल बोलल्या होत्या. नर्मदा दोन्ही हात पसरून तिच्याकडे गेली. चाल गळ्यात आली होती, पहिली ओळ तोंडात होती. आणि सखुबाई पळाली. ताटली लाथाडून, पदर तोंडाला लावून, वाघ बघावा तशी मागे मागे पळाली. "अगं ये बया, जवळ नको येऊ! धरा हिला!" शिट्ट्या वाजल्या. नर्मदाचे पसरलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे आणायचे हे तिला कळेना. सांडलेली खिचडी तिच्या पायाला गरम लागत होती.

बाई बिथरली असं ठरलं. शेतकऱ्याघरच्या बाया म्हणाल्या, बाहेरचं लागलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला. बायकांच्या अंगाला तांड्यावरची दुसरी बाई असती तर तिनं समजावलं असतं, पण नव्हती. तिला एका वेगळ्या वर्गात ठेवलं. भिंतीवर फळांचं चित्र होतं, अननस, आंबा, इडलिंबू. तिथं व्हरांड्याच्या लोखंडी खांबाच्या गळ्यात पडून तिनं रडून पाहिलं. खांब गार होता, थेट बलियांसारखा गार, आणि त्या गारव्यानं पहिली ओळ आलीही. ओळ संपल्यावर ती हुंकारासाठी थांबली. खांब काय हुंकार देणार! दुसरी ओळ आलीच नाही. मग एक गोळी सुरू झाली, ती घेतली की डोकं ओल्या गोणपाटासारखं जड व्हायचं. आणि एक दिवस तिच्या हातात फोन दिला. पलीकडून पुनम मॅडम म्हणून एक कोवळा आवाज बोलत होता. समुपदेशन का काय म्हणतात ते.

"ताई, रडू येत असेल तर अडवू नका. रडणं चांगलं असतं. मन मोकळं होतं."

"व्हय," नर्मदा म्हणाली. "पण कोणासंगं रडू?"

"म्हणजे?"

"कोणासंगं?"

पलीकडे कागद हलल्यासारखं वाटलं. मग तो आवाज फार मायेनं म्हणाला, "एकटंही रडता येतं, ताई. आपण आधी एक दीर्घ श्वास घेऊ या का?" नर्मदाला त्या पोरीची कीव आली. एकटीनं रडायचं कुणी शिकवलं असेल हिला? तिनं श्वास घेतला, सोडला, परत घेतला. श्वासाचं काही दुखत नव्हतं.

सुटका झाल्यावर ती आणि बाबूसिंग नानीबाईच्या तांड्याकडे चालत गेले. वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून तांडा बंद केलेला होता. तांड्याच्या नायकाची तशी आज्ञा होती आणि नायकाचंही खरं होतं, लोक मरत होते. काट्यांच्या पलीकडे नानीबाई आली. तिनं अंगावर याडीची कांचळी घातली होती, बाहीच्या आरशांत ऊन चमकत होतं. तिनं हात पसरले नाहीत, काट्यांवर कसे पसरणार? पण ती उभ्या उभ्या रडायला लागली. याडीनं शेवटी कुणाचं नाव घेतलं, पाणी कुणी पाजलं, मातीला किती कमी माणसं होती, सगळं चालीत सांगू लागली. आणि प्रत्येक ओळीपाशी थांबू लागली. नर्मदा ऐकत होती. गोळीचं गोणपाट डोक्यावर होतं, पण तिला सगळं ऐकू येत होतं. फक्त हुंकार येत नव्हता. तो बेंबीपासून निघून छातीपर्यंत यायचा आणि तिथं कुणीतरी शिट्टी वाजवल्यासारखा बसून जायचा. नानीबाई ओळीमागून ओळ थांबत गेली, मग तिचं रडणं तुटक झालं, मग थांबलंच. तिनं डोळे पुसून बहिणीच्या कोरड्या तोंडाकडे बघितलं. "तुझी बी याडी व्हती ना?" एवढं म्हणून ती आत गेली. दोघी बहिणी आपसात तांड्याच्या गोरबोलीत बोलतात. त्या बोलीत हे वाक्य आणखी लहान आहे आणि जास्त लागतं.

तेव्हापासून ते कोरडंच राहिलं. सासऱ्याच्या मयतीला गेली, तिथं बायकांच्या घोळक्याच्या कडेनं पाणी वाटत फिरली म्हणजे कुणी गळ्यात पडायला नको. बाबूसिंग एकदा तापानं फणफणला तेव्हाही तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. आपल्या आत काहीतरी मेलंय आणि ते कुणाला दिसत नाही, या विचारानं ती भाकरी थापताना मधेच थांबायची. वेड म्हणतात ते हेच असेल, असं तिला पक्कं वाटू लागलं होतं. वेड्या बायका ओरडतात, केस सोडतात. आपलं वेड गुपचूप बसणारं निघालं. आज ती दुपारभर कांदे चिरत बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण ते कांद्याचं पाणी, त्यावर याडीचा काही हक्क नव्हता. न्हाणीत जाऊन तिनं हळू आवाजात चाल धरून पाहिली. चाल बराबर येत होती, शब्दही येत होते. ती म्हणून दाखवत होती, शाळेतल्या पोरी कविता म्हणतात तशी. तेवढ्यावरच भागवून न्यावं का? नानीबाईला कळेल का? कळेल. गळ्यात पडलेल्या बाईला समोरच्या छातीतलं सगळं कळतं.

ऊन उतरल्यावर फाटकाशी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं नाही. नानीबाईनं त्याला थांबायला सांगितलं होतं, आणि ते चालू इंजिन ऐकूनच नर्मदाला ते कळलं. ती मागच्या अंगणात होती. कमलबाईंनी पाहुणीला तिकडं धाडलं. नानीबाई म्हातारी झाली होती. चालताना तिचा एक पाय आता ओढत होता. पदराच्या टोकाला सुपारीची गाठ होती. तिनं नर्मदाला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला. सगळा राग, सगळ्या अटी तिनं वाटेतच कुठं टाकून दिल्या असाव्यात. "याडी ये..." अशी तिची चाल सुरू झाली आणि ती दोन्ही हात पसरून, पाय ओढत, बहिणीकडे आली.

नर्मदाला तिच्याकडेच जायचं होतं. देवाशपथ, तिला तिकडंच जायचं होतं. तिनं हात उचललेही. पण नानीबाईचा उघडा, ओला, श्वास टाकणारा चेहरा जवळ आला आणि नर्मदाचे पाय मागे गेले. एक, मग दुसरा, मग भराभर. पदर कधी तोंडाला लागला तिला कळलं नाही. पाठीमागे फक्कीचा गोल होता. पाय त्यात शिरले आणि घरी आल्यासारखे थांबले. तेव्हा तिला सखुबाई आठवली. इतकी वर्षं तिनं सखुबाईला वाईट म्हटलं होतं. सखुबाईनं काहीच केलं नव्हतं, तिचे पाय पळाले होते.

नानीबाई रेषेपाशी थांबली. तिलाही कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. पसरलेले हात हवेत राहिले, चाल अर्ध्यात तुटली. मग तिनं हात सावकाश खाली घेतले. पदराची गाठ सोडली, तळहातावरची सुपारी आणि गुळाचा खडा बघितला, परत गाठ मारली. गाठ मारायला तिला वेळ लागला.

"मी काट्याच्या पल्याडून रडले व्हते, नर्मदे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आज तर काट्या बी न्हाईत."

"बाई, थांब..." नर्मदा म्हणाली. पण थांब म्हणून पुढे काय, हे तिला सांगता येईना. नानीबाई वळली आणि पाय ओढत भिंतीच्या कोपऱ्याआड गेली. कांचळीच्या बाहीवर आरसे होते, त्यातला एक शेवटचा चमकला. कांचळी याडीचीच होती. ती आज मुद्दाम तीच घालून आली होती.

आणि तेव्हा ते आलं. कुठून आलं कोण जाणे. बेंबीतून निघालं, छातीपाशी आलं, आणि शिट्टी वाजलीच नाही. "याडी ये..." असा आवाज अंगणात फुटला तेव्हा तो आपला आहे हे तिला आधी कळलं नाही. याडी, तुझ्या लेकीला गोलात बसवलं, याडी. याडी, तू गेलीस ते मला ओरडून सांगितलं, याडी. रचून ठेवलेल्या ओळी एकामागून एक बाहेर पडू लागल्या आणि तिचे हात मान शोधत पुढे झाले. स्वयंपाकघरातून कमलबाई धावत आल्या. "अवं काय झालं? काय झालं बाई?" दोन्ही हात कणकीनं भरलेले. नर्मदा त्यांच्या गळ्यात पडली. कमलबाईंना हे काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्या गडबडल्या, हात वर धरून तशाच ताठ उभ्या राहिल्या, पण मागे सरल्या नाहीत. फाटकाबाहेर रिक्षा हलली. नर्मदानं ते ऐकलं आणि आवाज चढवला, तांड्यापर्यंत जाईल एवढा चढवला, नाव घेऊन घेऊन बहिणीला सांगू लागली. रिक्षा वळणावर गेली, इंजिनाचा आवाज बारीक झाला, मग सेनगावच्या रस्त्यावरच्या बाकीच्या आवाजांत मिसळून गेला. ओळ संपली. नर्मदा थांबली, सवयीनं थांबली. मग कमलबाईंनी कणकीचे हात हळूच तिच्या पाठीवर टेकवले आणि, काय बोलावं ते न सुचून, म्हणाल्या, "हं."